सुई कोणाच्या हातात होती, ते कागदावर लिहा

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार.

विषय : दारू पिऊन वाहन चालवल्याचा संशय असलेल्या चालकाचं रक्त कोणी काढायचं, याबाबत.

महोदय,

“सिस्टर, तू डाक्टर शे का? नही ना? मंग मन्हं रगत कसाले काढी राह्यनी?”

पिकअपच्या एका ड्रायव्हरनं मला हा प्रश्न विचारला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. लग्नसराईचे दिवस. वऱ्हाड सोडून परत येताना त्यानं रस्त्याकडेला उभ्या मोटारसायकलला उडवलं होतं. हवालदारानं त्याला ड्रेसिंग रूममधल्या स्टुलावर टेकवलं होतं आणि मागून खांद्याला धरून ठेवलं होतं. माणूस धड शुद्धीत नव्हता, प्रश्न मात्र शुद्धीतला होता. मी म्हटलं, “गप बस रे भाऊ, हात सरळ कर.” एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या प्रश्नाला याहून बरं उत्तर मला देता आलं नाही. ते तुमच्या दोघांच्या कार्यालयांनी मिळून द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी निवृत्त अधिपरिचारिका आहे. सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयांत गेली, तीही महामार्गाच्या कडेकडेनं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. एकावर लळिंगचा घाट, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर. दुसऱ्यावर नवापूर, कोंडाईबारी, साक्री, मग पारोळा-एरंडोल करत जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. रावेर-यावलकडच्या केळीच्या गाड्या रात्रभर धावत असतात. थंडीत शेताशेतांत भरीत पार्ट्या, उन्हाळ्यात वराती, होळीला सातपुड्यात भोंगऱ्या बाजार. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत दारूबंदी, म्हणून अलीकडेच पोटभर घेऊन स्टेअरिंगला बसणारे वेगळेच. हे सगळं रात्री एक-दोनच्या सुमारास पोलिसांच्या यादीसोबत आमच्या दारात उतरतं. (यादी म्हणजे वैद्यकीय तपासणीसाठी ठाण्यातून येणारं पत्र. तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्या वाचकांसाठी सांगितलं.)

त्या रात्री ड्युटीवर डॉक्टर एकच, आणि ते प्रसूतिगृहात. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. हवालदाराला परत नाकाबंदीवर जायची घाई. “सिस्टर, तुम्हीच घ्या ना. सही साहेब नंतर करतील.” मी दाराशी जाऊन डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान वर न करता “घ्या” म्हटलं. मी घेतलं. पट्टा बांधला, शीर चाचपली, आणि रोजच्या सवयीनं ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलून कातडी पुसली. रक्तात दारू आहे का ते बघायचं, आणि पुसायला स्पिरिट! सुई आत गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. मी कुणाला बोलले नाही. पहाटे चार वाजता डॉक्टर हात धुऊन आले, कागदावर सही केली. छापील फॉर्मवर वाक्य तयारच होतं, रक्त मी स्वतः घेतलं अशा अर्थाचं.

तीन वर्षांनी केस उभी राहिली. डॉक्टरांची बदली झाली होती. साक्षीला आले तेव्हा जाता जाता आमच्याकडे चहाला थांबले. वकिलानं त्यांना विचारलं होतं, रक्त तुम्हीच काढलं का? हो. कोणत्या हाताचं? आठवत नाही. कातडी कशानं पुसली? नेहमीप्रमाणे. नेहमीप्रमाणे म्हणजे स्पिरिटनं? डॉक्टर गप्प. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मला हळूच विचारलं, “सिस्टर, स्पिरिट लावलं होतं का हो?” मी हो म्हटलं. ड्रायव्हर सुटला. एकट्या माझ्या बोळ्यामुळे सुटला असं मी म्हणणार नाही, त्या केसमध्ये इतरही भोकं होती. पण कोणत्या हाताचं रक्त काढलं हे डॉक्टरांना आठवलं नाही, कारण ते तिथं नव्हतेच. जिला आठवत होतं तिचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. मला समन्स येणार तरी कसं?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना वाहन चालवणं हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम २०३ फुंकरीच्या यंत्राचं. यंत्रानं दारू दाखवली, किंवा माणसानं फुंकायलाच नकार दिला, तर अटक. आणि मग कलम २०४ : अटक केलेल्या माणसानं पोलिसांनी हजर केलेल्या नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला रक्ताचा नमुना द्यावा. तपासणी सरकारी किंवा सरकारमान्य प्रयोगशाळेत. माणूस रुग्णालयात दाखल असेल तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी कळवायचं, आणि नमुना घेतल्यानं उपचाराला बाधा येईल असं त्या डॉक्टरनं म्हटलं तर घ्यायचा नाही. हे शेवटचं मला फार शहाणपणाचं वाटतं.

याच कलमात एक परंतुक आहे. चालक बाई असेल आणि हजर केलेला डॉक्टर पुरुष असेल, तर नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा, मग ती डॉक्टर असो वा नसो. गंमत बघा. या सगळ्या कायद्यात आम्हा सिस्टरांसाठी जागा निघाली ती इथं, आणि तीही बाजूला उभी राहणारी बाई म्हणून!

प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दहातल्या बहुतेक वेळा सुई सिस्टरच्या किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या हातात असते. त्यात कौशल्याचा प्रश्न नाही. दिवसभरात ज्यांना पन्नास शिरा शोधाव्या लागतात ते आम्हीच. थरथरणाऱ्या, घामेजलेल्या, झटके देणाऱ्या हातातली शीर नव्या इंटर्नला सापडणार नाही, आम्हाला सापडते. प्रश्न असा आहे की करतं एक आणि कागदावर दुसरंच येतं. कायदा डॉक्टर म्हणतो म्हणून फॉर्म डॉक्टर म्हणतो, फॉर्म डॉक्टर म्हणतो म्हणून डॉक्टर सही करतो, आणि कोर्टात उभं राहिल्यावर त्याला जे बघितलंच नाही त्याची शपथ घ्यावी लागते. एका प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावणारी ही पद्धत आहे. त्याला आमच्या खात्यात कुणी खोटं म्हणत नाही, ‘रूटीन’ म्हणतात.

आणि कायद्यात दार अगदीच बंद आहे असंही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम ५१, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५३, अटकेतल्या माणसाची पोलिसांच्या विनंतीवरून वैद्यकीय तपासणी करण्याविषयी आहे, आणि त्या तपासणीत रक्त येतं. तिथं डॉक्टरबरोबर आणखी एक जण आहे : डॉक्टरच्या मदतीला, त्याच्या निर्देशाखाली, सद्भावनेनं काम करणारी व्यक्ती. म्हणजे एका कायद्यात आमचा हात चालतो, दुसऱ्या कायद्याच्या भाषेत तो दिसत नाही. रात्री दीड वाजता यादीवर कोणतं कलम लिहिलंय यावरून माझा हात कायदेशीर की बेकायदेशीर ते ठरणार असेल तर मला ते आधी कळायला हवं. भरीस भर म्हणजे कलम ५१ मध्ये नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाची व्याख्या आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याला बांधलेली. आपल्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रांत रात्री जे असतात ते बरेचदा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टर. त्यांनी घेतलेला नमुना चालतो का? एक ठाणेदार म्हणतो चालतो, दुसरा म्हणतो तालुक्याला न्या.

तालुक्याला न्या म्हणणं सोपं आहे. रक्तातली दारू साधारण ताशी १५ ते २० मिलिग्रॅमनं उतरते. समजा अपघात झाला तेव्हा एखाद्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅम होतं, कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. दोन तासांत तो रेषेवर येतो, तीन तासांत रेषेखाली जातो. मोलगी किंवा धडगावहून घाट उतरून नंदुरबारला यायचं तर दोन-अडीच तास सहज जातात. त्याआधी पंचनामा, गाडीची वाट, यादी लिहिणं. म्हणजे डॉक्टर शोधण्याच्या नादात दारू उतरते, आणि मग प्रयोगशाळा जो आकडा देते तो बिचारा खरा असतो, पण भलत्या वेळेचा. वरून डॉक्टरनं नुसतं ‘तोंडाला वास, चाल अडखळती, बाहुल्या विस्फारलेल्या’ असं लिहून भागत नाही. वास आणि चालीवरून माणूस प्यालेला होता हे सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात १९७१ साली सांगून ठेवलंय. रक्तच लागतं, आणि लवकर लागतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रशिक्षित अधिपरिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना, ड्युटीवरच्या डॉक्टरच्या लेखी निर्देशावरून, हे रक्त काढू द्या. आणि ज्यानं काढलं त्याचं नाव, हुद्दा, वेळ, कोणता हात, कातडी कशानं पुसली, हे त्याच कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. डॉक्टरनं जे केलं ते डॉक्टरनं लिहावं : मी तपासलं, मी सांगितलं, माझ्यासमोर काढलं किंवा माझ्यासमोर काढलं नाही. आम्हाला कोर्टात यावं लागेल. येऊ. एसटीनं येऊ, दिवसभर व्हरांड्यात बसू. निदान खरं तरी सांगू.

यावर माझ्याच मैत्रिणी चिडतील हे मला ठाऊक आहे. “आधीच कामं कमी आहेत का?” त्यांचं खरं आहे. दारुड्याच्या हाताला सुई लावताना तो झटका देतो आणि तीच सुई आपल्या बोटात शिरते, असा प्रसंग माझ्यावर दोनदा आलाय. त्यानंतरचे तपासण्यांचे महिने कसे जातात ते घरच्यांना विचारा. डॉक्टर-सिस्टरांवर हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, पण रात्री दीडला तो कायदा ड्रेसिंग रूममध्ये नसतो, तिथं हवालदार असतो. तोही अनेकदा यादी टेबलावर ठेवून बाहेर बिडी ओढायला गेलेला. तेव्हा नाव आमचं लिहायचं असेल तर रक्त घेऊन बाटली सील होईपर्यंत पोलीस तिथून हलणार नाही, हेही त्याच आदेशात लिहा.

दुसरं टोकही मी बघितलंय. एका ठिकाणी रात्रपाळीचा कक्षसेवक रक्त काढायचा. हात त्याचा सफाईदार होता, मी नाव ठेवणार नाही, पण त्याच्याकडे त्याचं कसलंच शिक्षण नव्हतं. ते चालणार नाही. आणि वर्दीतल्या हातात सुई तर अजिबात नको. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९० च्या दशकापासून पोलिसांनाच रक्त काढायचं प्रशिक्षण देतात, असं मी वाचलंय. तिथलं तिथं. आपल्याकडे ज्यानं पकडलं त्यानंच टोचलं तर ‘मारून रक्त घेतलं’ ही बोंब दुसऱ्या मिनिटाला उठेल, आणि कधीकधी ती खरीही असेल. इंग्लंडनं वेगळा रस्ता धरला. तिथं आधी डॉक्टरच लागायचा, मग २००२ च्या कायद्यानं नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिक, म्हणजे नर्ससुद्धा, चालतो असं ठरलं. मला तो रस्ता आपल्या अंगाला बसणारा वाटतो.

‘डॉक्टरनंच काढलं पाहिजे, म्हणजे खात्री’ असं म्हणणाऱ्यांनी मे २०२४ मधलं पुणं आठवावं. कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले. मग सरकारी रुग्णालयात चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण पदवी हा विश्वासाचा पुरावा नव्हे, एवढं त्या आठवड्यात घराघरांत कळलं. त्याच महिन्यात आपल्याकडे जळगावजवळ रामदेववाडीला अपघातात चार जण गेले, त्यात लहान मुलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी एकच : गाडी चालवणाऱ्यांचं रक्त घेतलं का, कधी घेतलं, कोणी घेतलं? पूर्वी लोक गाडीचा नंबर विचारायचे. आता बाटलीबद्दल विचारतात.

बाटलीवरून आठवलं. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलेला एक खटला आपल्याच खान्देशातल्या मोटार अपघाताचा आहे. वकील मंडळी तो फेरखटल्याच्या मुद्द्यासाठी वापरतात. एका वकील नातलगानं मला तो समजावून सांगितला तेव्हा माझं लक्ष भलतीकडेच गेलं. रक्त घेतल्यापासून ते तपासणीला जाईपर्यंत ती कुपी कुठं होती, कोणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न तिथंही पडलेला. साठ वर्षं झाली. बाटलीचा प्रश्न जिथं होता तिथंच आहे.

माझ्या काळात आमचे नमुने नाशिकच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जात. जात म्हणजे कसे? सील करून अंमलदाराच्या हातात दिले की आमचं काम संपलं. तो ते मोटारसायकलच्या डिकीत ठेवायचा. मे महिन्यातलं भुसावळचं ऊन, ४५ अंशांच्या पुढं गेलेलं, आणि काळी डिकी. ठाण्यात पोचल्यावर मुद्देमाल कारकून रजेवर असला तर बाटली टेबलाच्या खणात. नाशिकला जाणारा माणूस मिळेपर्यंत चार दिवस, आठ दिवस. रक्तात फ्लोराईड, म्हणजे रक्त टिकवणारं रसायन, घातलं नसेल तर अशा उन्हात रक्त आंबतं, आणि आंबणं म्हणजे काय ते मोहाच्या मुलखात मी सांगायची गरज नाही. न पिणाऱ्याच्या रक्तातही दारू निघू शकते. उलट झाकण सैल राहिलं, बाटली अर्धीच भरली, तर असलेली दारू उडून जाते. दोन्हीकडून माणसावर अन्याय. म्हणून तर ते करड्या झाकणाचे फ्लोराईडचे बल्ब (रक्त भरायच्या छोट्या बाटल्या) असतात.

आणि स्पिरिटचं म्हणाल तर नियम काही नवा नाही. दारूबंदी कायद्याखालचे वैद्यकीय तपासणी व रक्त चाचणीचे नियम १९५९ चे आहेत. सिरिंज उकळून घ्यावी, कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसावी, रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ नये, निदान पाच सीसी रक्त घ्यावं, बाटली जोरात हलवावी, लाखेनं सील करून डॉक्टरची मोहोर उठवावी, असं त्यात तपशीलवार आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही काचेच्या सिरिंजा खरंच उकळायचो, त्यामुळे मला ते वाचताना स्टरिलायझरची वाफ आठवते. पण हे नियम मला कोणी दाखवले नाहीत. नर्सिंगच्या तीन वर्षांत नाही, नोकरीत नाही. निवृत्त झाल्यावर मी ते वाचले. जाणकार सांगतात की स्पिरिट वाळू दिलं तर आकड्यात फारसा फरक पडत नाही. पडतही नसेल. वकिलाला फरक कुठं हवा असतो? त्याला शंका पुरते.

आता जबरदस्तीबद्दल, कारण तुमच्या फौजदारांशी माझी यावरून दोन-तीनदा चकमक झालीय. “चौघं धरतो, तुम्ही टोचा.” कलम ५१ वाजवी बळाची परवानगी देतं, हे मला ठाऊक आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ कडे त्यांनी कधी बघितलंय का? मागितल्यावर रक्त द्यायला नकार दिला आणि त्याला वाजवी कारण नसलं, तर तो नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. म्हणजे नकारसुद्धा कामाचा आहे, तो नीट लिहून घेतला तर. चौघांनी दाबून धरलेल्या हातातलं रक्त मिळवण्यापेक्षा साक्षीदारांसमोर लिहिलेला नकार मला सोयीचा वाटतो, आणि माझ्या बोटांनाही. ज्या गुन्ह्यात माणूस मेलाय तिथं वेगळा विचार करा, पण मग तो निर्णय तुमच्या अधिकाऱ्यानं लेखी द्यावा. सिस्टरला कोपऱ्यात घेऊन ‘घ्या हो पटकन’ म्हणू नये.

गांजाचा प्रश्न यात अजून आलाच नाही. चोपडा-शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेतं सापडल्याच्या बातम्या तुम्हीच देता. गांजा ओढलेला ड्रायव्हर यंत्रात फुंकला तर आकडा शून्य. कलम १८५ मध्ये अमली पदार्थही आहेत, पण त्यांना दारूसारखी मिलिग्रॅमची रेघ नाही, वाहनावर ताबा ठेवता येत नव्हता असं दाखवावं लागतं. आणि २०४ चं रक्त तर फुंकरीच्या यंत्राच्या मागून येतं. यंत्र शून्य म्हणालं की आमच्याकडे यादी येतच नाही. अशा वेळी ५१ खाली रक्त आणि लघवी दोन्ही मागता येतात, हे किती ठाण्यांना माहीत आहे? मी एकतीस वर्षांत अशी यादी एकदाच बघितली.

कायदा बदलणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. कलम २०४ मध्ये नर्सचं नाव घालायचं तर ते दिल्लीत व्हायला हवं, आणि तुमच्याकडून तसा प्रस्ताव वर गेला तर मला आनंद होईल. पण एक संयुक्त परिपत्रक काढणं तुमच्या हातात आहे, तीन जिल्ह्यांसाठी एकच. त्यात यादीवर कोणतं कलम लिहायचं ते सांगा. बीएएमएस डॉक्टरचा नमुना चालतो की नाही, ते सरकारी वकिलांना विचारून एकदाचं लिहा. फॉर्मवरचं ते छापील वाक्य काढा आणि तिथं दोन ओळी मोकळ्या ठेवा, एक काढणाऱ्यासाठी, एक डॉक्टरसाठी. बाटली कोणी, किती वाजता, कोणाकडे दिली आणि मध्ये कुठल्या फ्रीजमध्ये ठेवली याचा एक कागद बाटलीबरोबर फिरू द्या. चालकाच्या नातेवाइकांपैकी कोणी हजर असेल तर सील करताना त्याला लांबून बघू द्या, पुण्यानंतर ते गरजेचं झालंय. आणि वर्षातून एकदा, ३१ डिसेंबरच्या आधी, तालुक्याच्या रुग्णालयात सिस्टर, तंत्रज्ञ आणि हवालदार यांना एका खोलीत बसवून १९५९ चे ते नियम वाचून दाखवा. तासाभराचं काम आहे. चहा आम्ही करू.

त्या पिकअपवाल्याला मी नंतर एकदा बाजारात बघितलं. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखण्याच्या अवस्थेत तो त्या रात्री नव्हताच. मोटारसायकलवाला मात्र मला ओळखतो. त्याचा उजवा पाय आखूड झालाय, आमच्याच रुग्णालयात ड्रेसिंगला यायचा. केसचं काय झालं ते तो मला विचारायचा. मी सांगायची, कोर्टाचं मला काय ठाऊक, भाऊ. माझं नाव कागदावर नव्हतं म्हणून मला तसं सांगता यायचं.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
धुळे जिल्हा

ता. क. : फ्लोराईडचे बल्ब बहुतेक ठिकाणी औषध भांडारात असतात आणि भांडाराची किल्ली औषधनिर्मात्याकडे, जो संध्याकाळी घरी जातो. रात्री मग साध्या बल्बमध्ये रक्त भरलं जातं. परिपत्रक निघायला वेळ लागणार असेल तर तोवर प्रत्येक कॅज्युअल्टीत दोन फ्लोराईड बल्ब, निर्जंतुक पाण्याची एक कुपी आणि लाखेची कांडी एका डब्यात घालून ठेवायला सांगा. बल्बवरची तारीखही कोणाला तरी बघायला सांगा.